मोडका लॅपटॉप विकण्यापूर्वी



या मालेत काल उपनिषदांवर बोलणे झाले, उद्या नाट्यसंगीतावर व्हावयाचे आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आमच्या वाट्याला मोडका लॅपटॉप आला आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "विकायचा आहे का? आमच्याकडेही एक पडलाय माळ्यावर." तेव्हाच आमची खात्री पटली की विषय अगदीच चुकलेला नाही.

आमच्या लहानपणी घरातल्या कागदांची एक रीत होती. मरणाची वार्ता आणणारे पोस्टकार्ड वाचून झाले की फाडून टाकीत. ते घरात ठेवीत नसत. कर्ज फिटले की कर्जरोखा परत घेऊन फाडीत. रद्दीवाला दारात आला म्हणजे आमच्या मातोश्री वर्तमानपत्रांचा गठ्ठा एकदा हाताने चाळून पाहात. त्यांत एखादे पत्र, औषधाची चिठ्ठी किंवा वाण्याच्या हिशेबाची वही निघाली तर ती बाजूला काढीत आणि बंबात घालीत. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. रद्दी पुढे कोठे जाते, हे डोळ्यांसमोर दिसत होते म्हणून ते सुचत असे. आम्ही स्वतः भेळ खाता खाता कोणा अनोळखी मुलाची भूगोलाची उत्तरपत्रिका वाचलेली आहे. बिचाऱ्याने कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळविली होती.

आता त्याच घरातील सारे कागद, पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका चपट्या पेटीत गेल्या आहेत. पेटी बंद पडली की आपण ती आहे तशी उचलून दुसऱ्याच्या हाती देतो आणि पाचशे-हजार रुपये खिशात घालून घरी येतो. गठ्ठा चाळण्याची जुनी सवय येथे आपल्याला आठवत नाही. का आठवत नाही, याचा विचार आम्हाला करावा लागला, आणि तो करावा लागला याचे कारण फुशारकी मारण्यासारखे नाही. ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमचा लॅपटॉप एका सकाळी उघडलाच नाही. बटण दाबावे, पंखा घुर्र करावा, पडदा काळा तो काळाच. दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने सांगितले, मदरबोर्ड गेला आहे, दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आम्ही तेथूनच जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो आणि अठराशे रुपयांना तो देऊन आलो. मनात शंकासुद्धा आली नाही. जे यंत्र आमच्याने उघडत नाही, ते दुसऱ्याच्याने काय उघडणार, असा आमचा सरळ हिशेब होता.

तीन महिन्यांनी दूरध्वनी आला. बोलणारा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. "काका, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी ना? तुमचे कागद माझ्याकडे आहेत." त्याने त्या व्यापाऱ्याकडून तीन-चारशे रुपयांना एक सुटी हार्ड डिस्क घेतली होती. ती तारेने आपल्या संगणकाला जोडताच आमचे सारे घर त्याच्यापुढे उघडे पडले. आमच्या पत्राच्या मथळ्यावरून त्याने आमचा क्रमांक काढला. मुलगा सज्जन होता. आम्ही जाऊन डिस्क परत आणली. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. फक्त चहा घेतला.

आमच्या स्वतःच्या कागदांचे आम्हाला एवढे काही वाटले नाही. पॅन कार्ड, आधारची प्रत, घराचे खरेदीखत, आयकराची विवरणे, बँकेची पुस्तके; यांतील पुष्कळसे दहा कचेऱ्यांत दिलेलेच असते. पण त्या डिस्कवर सोसायटीच्या बेचाळीस कुटुंबांची यादी होती, दूरध्वनी आणि बँकखात्यांसह. आणखी एक गोष्ट होती. आमच्याच इमारतीतील एका बाईंचे सासरच्यांशी न्यायालयात प्रकरण चालू होते. त्यांचे अर्ज, वकिलाला लिहिलेली पत्रे आम्ही टंकलिखित करून देत असू. आपल्या सख्ख्या भावाला न सांगितलेल्या गोष्टी त्यांनी त्या अर्जांत लिहविल्या होत्या.

त्यांना सांगावे की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. डिस्क परत आली आहे, कोणाचे काही बिघडलेले नाही, मग कशाला त्यांच्या जिवाला घोर, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. शेवटी आम्ही सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "त्यानं वाचलं का हो?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्या आजही भेटल्या म्हणजे नीट बोलतात, होळीला पुरणपोळी पाठवितात. अर्ज लिहून घ्यायला मात्र त्यानंतर आमच्याकडे आल्या नाहीत.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. लॅपटॉप "मोडला" म्हणजे काय मोडले? पडदा फुटतो, कळफलकावर चहा सांडतो, बिजागरी तुटते, बॅटरी फुगते, मदरबोर्ड जळतो. हे झाले त्याचे हातपाय आणि तोंड. माहिती जेथे राहते तो भाग निराळा आहे, आणि बहुतेक वेळा त्याला धक्काही लागलेला नसतो. जुन्या यंत्रांत ती हार्ड डिस्क असते: अडीच इंची डबी, आत फिरणाऱ्या चकत्या, त्यांवर चुंबकीय खुणा. नव्या यंत्रांत एसएसडी असते. तीत फिरणारे काहीच नसते. चिकलेटच्या पट्टीएवढी हिरवी वा काळी पाटी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा. दोन्ही वीज गेली तरी लिहिलेले विसरत नाहीत. त्यासाठीच त्या घडविलेल्या आहेत. आम्हाला यंत्र मेलेले दिसले, कारण त्याची वाचा गेली होती. स्मृती शाबूत होती.

ती किती चिवट असते, याचे एक उदाहरण सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीकडे परतताना टेक्ससच्या आकाशात फुटले. आपली कर्नालची कल्पना चावला त्यातच होती. सातही अंतराळवीर गेले. यानाचे तुकडे मैलोगणती विखुरले. काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्यात एक हार्ड डिस्क सापडली, जळून काळवंडलेली, आत माती गेलेली. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची मोजमापे तिच्यावर होती. माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञांनी चकत्या काढून, स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रात बसविल्या आणि शेकडा ९९ माहिती वाचून काढली. तो प्रयोग २००८ साली प्रसिद्धही झाला. जी डिस्क आकाशातून पडून वाचली जाते, ती चहा सांडल्याने पुसली जाईल ही आशा आपण का धरावी?

येथे कोणी म्हणेल, "आमच्या यंत्राचा नुसता पडदा गेला होता, आणि देण्यापूर्वी आम्ही सारे डिलीट करून टाकले होते." त्यांनी या वाचनालयाचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी आत कार्डांची कपाटे असत. एका पुस्तकाचे कार्ड आम्ही खणातून काढून फाडून टाकले, तर पुस्तक नाहीसे होते काय? ते फळीवर जेथे होते तेथेच असते. फक्त ग्रंथपाल म्हणतात, "असे पुस्तक आमच्याकडे नाही," आणि ती जागा मोकळी समजून पुढेमागे तेथे दुसरे पुस्तक ठेवतात. हार्ड डिस्कवर डिलीट करणे म्हणजे कार्ड फाडणे. झटपट फॉरमॅट करणे म्हणजे कार्डांचे सगळे कपाटच रिकामे करणे. ज्याला कार्डांची गरज नाही, जो फळीफळीने हिंडून पाहू शकतो, त्याला पुस्तके सापडतात. असे हिंडणारे प्रोग्राम फुकट मिळतात.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोघा विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ डिस्का विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू निघाल्या. या १२९ पैकी नीट पुसलेल्या किती असाव्यात? अवघ्या १२. बाकीच्यांत औषधोपचाराची माहिती, प्रेमपत्रे आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रातून आलेली होती. त्यांचा लेख २००३ साली छापून आला. तेव्हापासून लोक शहाणे झाले असतील म्हणावे, तर २०२२ साली मॉर्गन स्टॅन्ली या बड्या पेढीला अमेरिकेच्या रोखे आयोगाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला. जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम पेढीने सामान हलविणाऱ्या एका कंपनीला दिले होते, आणि ती यंत्रे पुढे इंटरनेटवरील लिलावात विकली गेली. ग्राहकांची माहिती त्यांच्यावर तशीच होती. पगारी तज्ज्ञ बाळगणाऱ्यांचे हे झाले, तेव्हा आमच्या अठराशे रुपयांच्या व्यवहाराची आम्हाला थोडी कमी लाज वाटली.

मग करावे काय? सर्वात सोपा उपाय म्हणजे विकण्यापूर्वी डिस्क काढून घेणे. पुष्कळ लॅपटॉपांचे बूड सात-आठ स्क्रूंनी बसविलेले असते. आधी चार्जर काढावा, यंत्र बंद आहे ना पाहावे, शक्य तर बॅटरीची जोडणी सोडवावी. अडीच इंची डिस्क चार स्क्रूंच्या चौकटीत असते आणि सरकवून निघते. एसएसडीची पाटी बहुधा एकाच स्क्रूने दाबलेली असते, तो काढला की तिचे टोक वर उचलते. आपल्याला जमत नसेल तर दुकानदाराकडून आपल्यादेखत काढून घ्यावी. "ठेवून जा, संध्याकाळी या" हे ऐकू नये. व्यापारी डिस्कपायी तीन-चारशे रुपये कमी देईल, ते सोडून द्यावेत. शिवाय ती वाया जात नाही. थोड्याशा रुपयांत तिच्यासाठी जोडडबी मिळते. तीत बसविली की तीच डिस्क पेन ड्राइव्हसारखी नव्या यंत्राला लावता येते. जुनी छायाचित्रे मिळतात आणि ती पुसताही येते.

पुसण्याविषयी भोळ्या कल्पना पुष्कळ आहेत. हार्ड डिस्कवर पस्तीस वेळा लिहिल्याखेरीज ती पुसली जात नाही, असे सांगणारे भेटतात. हा आकडा पीटर गुटमान यांच्या १९९६ सालच्या निबंधातला. तो निरनिराळ्या जुन्या जातींच्या डिस्का मिळून होता. हल्लीच्या डिस्कला त्याचा उपयोग नाही, हे खुद्द गुटमान यांनीच पुढे लिहिले. आजच्या हार्ड डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नीट नवे लिहिले की आपल्यासारख्यांचे काम भागते. त्याला वेळ लागतो, रात्रभर चालू ठेवावे.

एसएसडीचे मात्र तसे नाही, आणि येथे शिकलेली माणसेही फसतात. एसएसडीतील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहून घेतो, मग झिजतो. म्हणून तिच्यातला कारभारी झीज सर्वत्र सारखी व्हावी अशा बेताने नवा मजकूर जुन्यावर न लिहिता भलतीकडेच लिहितो, आणि काही जागा आपल्याला न दाखविता राखूनही ठेवतो. आपण म्हणावे, "या कागदावर काळे फासा," आणि त्याने दुसऱ्याच कोऱ्या कागदावर काळे फासून "झाले" म्हणून सांगावे, असा हा प्रकार. तिच्यासाठी स्वतःची पुसण्याची आज्ञा असते. ती बहुधा तिच्या कारखानदाराच्या प्रोग्राममधून देता येते. २०११ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी या आज्ञाही तपासून पाहिल्या, तेव्हा एका एसएसडीने काम फत्ते झाल्याचे कळविले आणि माहिती जशीच्या तशी होती! तेव्हापासून कारखानदारी सुधारली आहे. तरीही ज्या एसएसडीवर नाजूक कागद आहेत ती विकूच नये, असे आमचे मत आहे.

फोडायचीच असेल तर डिस्क यंत्राबाहेर काढून फोडावी. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात, हातोडीने चुरा होतात. डोळ्यांना काहीतरी लावावे. एसएसडीच्या पाटीवरची प्रत्येक चीप फुटली पाहिजे. नुसती पाटी वाकवून उपयोग नाही, आणि लोहचुंबक फिरविणे तर निव्वळ करमणूक आहे. मात्र सबंध लॅपटॉपवर हातोडी चालवू नये, त्यात खिळा ठोकू नये. आत लिथियमची बॅटरी असते. तिला भोक पडले तर ती पेट घेते. माहिती वाचविता वाचविता घर जाळल्यासारखे व्हावयाचे. बॅटरी फुगलेली असेल तर व्यापाऱ्याला तोंडाने सांगावे. तोही मुलाबाळांचा माणूस आहे.

काही यंत्रांत, विशेषतः अलीकडच्या मॅकबुकांत, स्मृतीच्या चिपा मदरबोर्डलाच डाखलेल्या असतात. काढण्यासारखे काही नसते. अशा वेळी मुख्य प्रश्न हा की माहिती आधीपासून कूटबद्ध होती काय. अशा मॅकमध्ये ती मुळातच कूटबद्ध असते आणि फाइलव्हॉल्ट चालू केले की तिला तुमच्या पासवर्डचे कुलूप पडते. विंडोजमध्ये बिटलॉकर असते, आणि नव्या घरगुती यंत्रांत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने पुष्कळदा आपोआप चालू असते. ते चालू असेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावणाऱ्याला निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. म्हणून ज्यांचा लॅपटॉप आज धडधाकट आहे त्यांनी घरी जाऊन ही एक गोष्ट पाहावी. मेलेल्या यंत्रावर कुलूप घालता येत नाही. ते जिवंतपणी घालावे लागते. बिटलॉकरची ४८ अंकांची किल्ली मिळते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. आम्ही ठेवली होती.

नुसता पडदाच फुटला असेल तर यंत्र तारेने दूरदर्शन संचाला जोडावे. सारे दिसू लागते, आणि मग विंडोजच्या रीसेटमध्ये माहिती पुसून डिस्कही साफ करण्याचा पर्याय निवडावा. झटपटचा निवडू नये. आणि यंत्र गेले तरी त्याने लक्षात ठेवलेले पासवर्ड जात नाहीत. दुसऱ्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून आपल्या खात्यात जाऊन जुन्या लॅपटॉपचे नाव यादीतून काढावे. पत्रांचे आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत.

दुरुस्तीच्या दुकानातील एक दृश्य तर आपण सर्वांनी पाहिले आहे. दुकानदार पासवर्ड विचारतो, आपण सांगतो, आणि तो चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावतो. घराची किल्ली दारालाच टांगावी, तसे. पुष्कळदा तो पासवर्ड नातवाचे नाव आणि जन्मसाल असा असतो, आणि तोच बँकेचाही असतो.

"आम्ही साधी माणसे, आमच्या कागदांत कोणाला रस?" असे पुष्कळजण म्हणतात. कोणाला तुमच्यात रस असण्याची गरजच नाही. आधारची प्रत, पॅन, सही आणि छायाचित्र एका जागी मिळाले की तुमच्या नावावर दुसरा कोणी सिमकार्ड किंवा कर्ज मागू शकतो; त्याला तुमच्या चरित्राशी काही कर्तव्य नसते. आणि कागद एकट्या तुमचे तरी कोठे असतात? शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या यंत्रात मुलांचे पत्ते असतात, डॉक्टरांच्या यंत्रात रोग्यांचे अहवाल, वधूवर सूचक मंडळ चालविणाऱ्यांच्या यंत्रात शेकडो मुलींची टिपणे. त्या मुलींनी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याशी त्यांची ओळख नाही.

कायद्याचे म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर आहे. शेजारणीचा अर्ज आपल्या लॅपटॉपवर राहिला, तर ते विचारायला निदान या कायद्याचा शिपाई यावयाचा नाही. ते आपले आपल्याला पाहावे लागते.

गेल्या वर्षी आमचे दुसरे यंत्रही बंद पडले. या खेपेला आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरून ते उलटे ठेवले. स्क्रू हरवू नयेत म्हणून सौभाग्यवतींनी हळदीकुंकवाची रिकामी वाटी दिली. दहा स्क्रू निघाले, एसएसडीचा अकरावा. उरलेले धूड घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, डिस्क नाही? मग नऊशे." आम्ही नऊशे घेतले. घरी आल्यावर एक स्क्रू वाटीतच राहिलेला सापडला. तो कोठला, हे अजून कळलेले नाही.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. आमचा पेचकस आम्ही पिशवीत आणलेला आहे. चिटणीसांना माळ्यावरचे यंत्र खाली काढावयाचे असेल, तर सभा संपल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर यावयास तयार आहो.